परतूरची परिषद आणि तांड्यावरचे पोर

गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या जालना जिल्ह्यात निजामकाळातल्या कागदांना भलताच भाव आला आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि तहसीलच्या रेकॉर्डरूममधली धुळीची गाठोडी सुटली. सुटल्यावर कळले की कागद आहेत, पण वाचणारे नाहीत. काही उर्दूत, काही मोडीत. मग उर्दू आणि मोडी वाचणारे जाणकार शोधण्याची धावपळ झाली. २०२५ मध्ये 'हैदराबाद गॅझेट' हा शब्द चहाच्या टपरीवर पोहोचला, आणि त्याच गॅझेटचा हवाला देत बंजारा समाजाचेही मोर्चे निघाले. आरक्षणाच्या या मागण्यांवर या लेखात मला काही म्हणायचे नाही. पण सगळे जण त्या कागदांत जात शोधत असताना कागदांच्या भाषेकडे कोणी पाहिले नाही, याचे मात्र नवल वाटते. आपल्या आज्या-पणज्याची जमीन, त्याचे नाव, त्याचा गुन्हा, त्याचा दंड हे सगळे ज्या लिपीत लिहिले गेले ती त्याला वाचता येत नव्हती. राज्य एका भाषेत लिहिते आणि माणूस दुसऱ्या भाषेत जगतो, हा मराठवाड्याचा अनुभव आहे. तो इतिहास म्हणून आपण दरवर्षी १७ सप्टेंबरला आठवतो. शिक्षणाचा प्रश्न म्हणून मात्र आठवत नाही, आणि माझी तक्रार तिथेच आहे.

हैदराबाद संस्थानात निम्म्याच्या आसपास लोक तेलुगू बोलत. साधारण चौथा हिस्सा मराठी, त्याखालोखाल कन्नड, आणि उर्दू मातृभाषा असलेले दहात एक. १८८० च्या दशकात फारसीच्या जागी उर्दू राजभाषा झाली. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले आणि संपूर्ण उच्च शिक्षण उर्दूतून देण्याचा प्रयोग सुरू झाला. त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते काढले गेले, विज्ञानाची, कायद्याची, वैद्यकाची पुस्तके उर्दूत आणली गेली. इथे प्रामाणिक राहिले पाहिजे. इंग्रजीशिवाय उच्च ज्ञान देता येत नाही असे मुंबई-मद्रासची विद्यापीठे धरून चालली होती, त्या काळात एका भारतीय भाषेतून डॉक्टर आणि इंजिनिअर घडवणे ही मोठी गोष्ट होती. परकीय भाषेत शिकलेला विद्यार्थी पाठांतर करतो, विचार करत नाही, हा या प्रयोगामागचा विचारही बरोबरच होता. फक्त तो दहातल्या एकासाठी बरोबर होता. उरलेल्या नऊ जणांसाठी उर्दू हीच परकी भाषा होती.

शाळांच्या पायऱ्यांची नावे जुन्या माणसांच्या तोंडून अजून ऐकू येतात. तहतानिया म्हणजे प्राथमिक, वस्तानिया म्हणजे माध्यमिक, फोकानिया म्हणजे हायस्कूल. खालच्या वर्गांत मराठीला थोडी जागा होती. वर चढायचे तर उर्दू. गणिताचा हिशेब पोराला डोक्यात मराठीत येई आणि पाटीवर उर्दूत मांडावा लागे. खासगी शाळा काढायची तर सरकारची परवानगी, आणि परवानगी सहजी मिळत नसे. तरी औरंगाबादची सरस्वती भुवन, अंबाजोगाईची योगेश्वरी, हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा अशा काही संस्था उभ्या राहिल्या. स्वामी रामानंद तीर्थ राजकारणात येण्याआधी हिप्परगा आणि अंबाजोगाईच्या शाळांत मास्तर होते, हे विसरू नये. १९३१ च्या जनगणनेत संस्थानातली साक्षरता शंभरात पाचांच्या आसपास होती. त्या पाचांत गावकुसाबाहेरचे किती असतील हे सांगायला आकडा लागत नाही.

आता मंठ्याकडे येतो. मंठा तेव्हा तालुका नव्हता, परभणी जिल्ह्यातल्या परतूर तालुक्याचा भाग होता. १९८१ मध्ये जालना जिल्हा झाला तेव्हा परतूर इकडे आले, आणि पुढे मंठा वेगळा तालुका झाला. त्या परतूरला १९३७ साली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. अध्यक्ष होते गोविंदराव नानल. संस्थानातल्या मराठी भाषकांची ही पहिली मोठी एकत्र बैठक, आणि मातृभाषेतून शिक्षण हा या चळवळीतला कायमचा मुद्दा. पुढच्याच वर्षी आ. कृ. वाघमारे यांनी 'मराठवाडा' हे पत्र सुरू केले. १९३८ च्या अखेरीस उस्मानियाच्या वसतिगृहांतल्या विद्यार्थ्यांचा 'वंदे मातरम्'चा लढा झाला. मराठवाड्याची राजकीय जाणीव शाळेच्या बाकावर जन्मली असे म्हटले तर ती अतिशयोक्ती नाही. पोराला शाळेत आपली भाषा मिळत नाही, या एका दुखण्यातून एवढे सगळे उभे राहिले.

पण कोणाचे पोर? हा प्रश्न मुक्तिसंग्रामाच्या पुस्तकांत सहसा येत नाही. परतूरच्या मंडपात ज्या मातृभाषेची मागणी झाली, त्या मातृभाषेची शाळा निघाली असती तर महारवाड्यातल्या मुलाला त्या शाळेत आत बसू दिले असते का? १९३७ च्या मराठवाड्यात याचे उत्तर आपल्याला माहीत आहे. त्याच्यासाठी उर्दू शाळेचा उंबरठाही उंच होता आणि मराठी शाळेचाही. पहिल्यावर भाषा आडवी होती, दुसऱ्यावर जात. म्हणूनच संस्थानातल्या दलित पुढाऱ्यांचा उर्दूशी असलेला संबंध सवर्ण पुढाऱ्यांपेक्षा वेगळा दिसतो. औरंगाबादेत जन्मलेले श्याम सुंदर उर्दूचे उत्तम वक्ते होते. त्यांच्या राजकारणाविषयी आपले मतभेद असू शकतात, पण उर्दू त्यांना केवळ जुलमाची भाषा वाटली नाही, यात काही नवल नाही. आणि मुसलमानांतही विणकर, मजूर, खाटीक, पिंजारी यांची मुले कुठे फोकानियापर्यंत पोहोचत होती? ती घरात दखनी बोलत आणि शाळेतल्या पुस्तकी उर्दूसमोर तीही मुकी होत. हा झगडा हिंदू-मुसलमानांचा होता असे दरवर्षी सप्टेंबरात सांगितले जाते. मला तो दरबाराची भाषा आणि घराची भाषा यांच्यातला झगडा दिसतो.

भाषेचे दार जात पाहून बंद होते, हे बाबासाहेबांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. हायस्कुलात त्यांना संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्य म्हणून ते नाकारले गेले आणि फारसी घ्यावी लागली. संस्कृत त्यांनी पुढे स्वतःच्या हिमतीवर मिळवली. त्याच्या कितीतरी आधी, १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीरावांनी प्राथमिक शिक्षणाचा जो आराखडा ठेवला त्यात मोडी आणि बालबोध वाचन-लेखन, हिशेब, शेतीचे प्राथमिक ज्ञान अशा गोष्टी होत्या. शिक्षक शेतकरी वर्गातून यावेत हाही आग्रह होता. त्याचा अर्थ साधा आहे. जो मास्तर पोराच्या घरातले बोलणे समजू शकत नाही, तो त्याला वाचायला शिकवू शकत नाही.

आणखी मागे जायचे तर विनयपिटकातल्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. ब्राह्मण कुळातून आलेल्या दोन भिक्खूंनी तथागतांकडे तक्रार केली की नाना कुळांतून आलेले भिक्खू आपापल्या बोलीत बुद्धवचन म्हणतात आणि ते बिघडवतात. तेव्हा ते छंदस् भाषेत, म्हणजे वेदांच्या भाषेत बांधू द्यावे. भगवंतांनी नकार दिला आणि 'सकाय निरुत्तिया' शिकण्याची अनुज्ञा दिली. या दोन शब्दांच्या अर्थावर पंडितांत वाद आहे. आचार्य बुद्धघोष त्याचा अर्थ बुद्धांची मागधी असा करतात, बहुतेक आधुनिक अभ्यासक 'ज्याच्या त्याच्या बोलीत' असा. वाद असू द्या. नकार कशाला दिला यावर वाद नाही. मूठभरांनाच येणारी भाषा ज्ञानाची अट होऊ शकत नाही, हे तिथे ठरले.

१९४८ मध्ये संस्थान गेले. उस्मानियाने उर्दू सोडून इंग्रजी धरली. १९५६ मध्ये मराठवाडा मराठी मुलखाशी जोडला गेला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, १९६४ मध्ये मराठी राजभाषेचा कायदा आला, १९६७ मध्ये बालभारती. ज्या मागणीसाठी परतूरला मंडप पडला होता ती तीस वर्षांत पुरी झाली. मराठी पोराला मराठी शाळा मिळाली.

मधल्या काळात औरंगाबादेत एक गोष्ट घडली. जून १९५० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे कॉलेज सुरू झाले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय. त्याच्या पहिल्या पिढीचा भाषिक प्रवास डोळ्यांसमोर आणून पाहा. घरी वस्तीची बोली. शाळेत उर्दू, किंवा अर्धी उर्दू अर्धी मराठी. आणि कॉलेज उस्मानियाशी संलग्न, म्हणजे वर्गात इंग्रजी. तीन भाषा ओलांडून आलेली ही मुले घरातली पहिली शिकणारी होती. आजच्या भाषेत त्यांना 'कमी गुणवत्तेचे' म्हणून पहिल्याच वर्षी बाहेर काढले असते. बाबासाहेबांनी त्यांच्यासाठी वसतिगृह उभारले, ग्रंथालय उभारले, म. भि. चिटणीसांसारखा प्राचार्य दिला. चिटणीसांचे 'युगयात्रा' हे नाटक याच आवारातले. भाषेत मागे पडलेल्या मुलाला रंगमंचावर उभे करून त्याच्या तोंडी वाक्ये देणे, हे शिक्षणाचे फार मोठे काम आहे. त्या आवारात शिकवणाऱ्या गंगाधर पानतावणे यांनी पुढे 'अस्मितादर्श' चालवले. प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' याच मातीतून आले. ज्या मुलांची भाषा अशुद्ध ठरवली गेली त्यांनी मराठी साहित्याची भाषाच बदलून टाकली. कॉलेजला नाव मिळाले ते प्रश्न विचारणाऱ्या राजाचे, हेही मला महत्त्वाचे वाटते. प्रश्न विचारायला भाषा लागते. ती भाषा शुद्ध असली पाहिजे अशी अट नागसेनाने मिलिंदाला घातली नव्हती.

पण हे कॉलेजचे झाले. पहिलीच्या वर्गाचे काय?

मंठा तालुक्यात फिरलात तर गावाच्या नावामागे 'तांडा' लागलेल्या वस्त्या भेटतात. मंठ्याहून परतूरकडे, लोणारकडे, जिंतूरकडे कोणत्याही रस्त्याने जा. तिथे घरात गोरबोली बोलली जाते. तिला कोणी लमाणी म्हणते, कोणी बंजारी. ग्रिअर्सनने आपल्या भाषिक सर्वेक्षणात तिची स्वतंत्र नोंद घेतली होती. ती मराठीची पोटबोली नाही, तिचे नाते राजस्थानी-गुजराती बाजूच्या बोलींशी आहे. आई म्हणजे याडी. भाऊ म्हणजे भिया. भाकरीला बाटी. मराठीत 'आहे' म्हणतो तिथे 'छ'. गोर म्हणजे आपला, कोर म्हणजे बाहेरचा. मराठीत तीन लिंगे आहेत, गोरबोलीत दोन. त्यामुळे 'ते झाड', 'ते पुस्तक' इथे तांड्यावरचे मूल अडखळते आणि मास्तर म्हणतात, पोराचे व्याकरण कच्चे आहे. व्याकरण कच्चे नाही, ते दुसऱ्या भाषेचे पक्के व्याकरण आहे.

सहा वर्षांचे मूल पहिलीत येते. अंकलिपी उघडते. 'आ' समोर आईचे चित्र. चित्र ओळखीचे आहे, पोर मोठ्याने म्हणते, "याडी." वर्ग हसतो. मी हे एकापेक्षा जास्त शाळांत पाहिले आहे, आणि हसणाऱ्यांत मुलेच असतात असे नाही. त्या मुलाने अगदी बरोबर वाचले होते. चित्र पाहून नाव सांगायचे हे त्याला कळले होते. पण अक्षर आणि आवाज यांची गाठ जिथे बांधायची, तिथे त्याच्या तोंडातला आवाज चूक ठरला. पुढचे सहा महिने ते पोर बोलत नाही. मग शेरा येतो: अभ्यासात मंद, वर्गात सहभाग नाही. दिवाळीच्या आसपास आईबाप ऊसतोडीला निघतात. पोर हंगामी वसतिगृहात राहिले तर ठीक, नाहीतर टोळीबरोबर फडात, कोपीत. उन्हाळ्याच्या तोंडावर परत येते तेव्हा थोडी जमलेली मराठीही पुसट झालेली असते. सगळे खापर मग स्थलांतरावर फुटते. स्थलांतराचा दोष आहेच, पण ज्या शाळेत आपण बोललो की हसे होते त्या शाळेसाठी तांड्यावर मागे राहायला कोणते पोर हट्ट धरेल?

परतूरच्या मंडपातला माणूस आज या वर्गात येऊन बसला तर त्याला हे दृश्य ओळखीचे वाटेल. पाटी तीच, फक्त भाषांच्या जागा बदलल्या. तेव्हा मराठी पोर ज्या बाकावर बसले होते, तिथे आज गोर पोर बसले आहे आणि उर्दूच्या जागी मराठी आहे. मराठीची तुलना निजामाच्या उर्दूशी केली म्हणून कोणाला राग येईल. येऊ द्या. तांड्यावरच्या मुलाला मराठी आली पाहिजे, चांगली आली पाहिजे, यात वादच नाही. बाजार, बँक, कोर्ट, कॉलेज सगळे तिच्यात आहे. माझा आक्षेप मराठी शिकवण्याला नाही. मराठी येतच आहे असे गृहीत धरून मराठीतून वाचायला शिकवण्यावर आहे. या दोन गोष्टींतला फरक मराठवाड्याला कळला नाही तर कोणाला कळणार?

फरक काय, तो थोडा सविस्तर सांगतो, कारण आपल्या कार्यकर्त्यांतही इथे गोंधळ आहे. वाचायला शिकणे म्हणजे कागदावरची खूण, तिचा आवाज आणि त्या आवाजाचा अर्थ या तिन्हींची सांगड घालणे. मराठी घरातल्या मुलाजवळ शाळेत येण्यापूर्वीच आवाज आणि अर्थ यांची जोडी असते. त्याला फक्त खूण नवी असते. गोर मुलाला खूणही नवी, शब्दही नवा, अर्थही अंधुक. अशा मुलाला आपण अक्षरे जोडायला लावतो तेव्हा ते जोडतेही. खडाखडा वाचते. मिनिटाला इतके शब्द अशी मोजणी करणाऱ्या चाचणीत उत्तीर्णही होते. काय वाचलेस विचारा, गप्प. उलट एकदा घरच्या भाषेत वाचनाची सांगड बसली की ती दुसऱ्या भाषेत नव्याने बसवावी लागत नाही, फक्त शब्द नवे शिकावे लागतात. कॅनडातले भाषाशास्त्रज्ञ जिम कमिन्स यांनी चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी हे मांडले. युनेस्कोने तर १९५३ मध्येच मुलाच्या मातृभाषेतून आरंभ करा असे सांगितले होते. गोरबोलीच्या बाबतीत काम आणखी सोपे आहे, कारण तिचे लेखन देवनागरीत होते. लिपी एकच. 'याडी' वाचायला शिकलेल्या मुलाला 'आई' वाचायला नवे अक्षर लागत नाही.

हे काही परदेशातले स्वप्न नाही. याच निजामाच्या राज्यात हे एकदा करून झाले आहे, आणि ही गोष्ट मराठवाड्यात फार थोड्यांना माहीत आहे. १९४० मध्ये आदिलाबादच्या डोंगरात कोमरम भीम मारला गेला. त्या उठावानंतर गोंडांची दुःखे समजून घेण्यासाठी सरकारने मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांना धाडले. त्यांनी पाहिले की जमीन जाण्याचे एक मोठे कारण निरक्षरता आहे. कागद वाचता येत नाही म्हणून अंगठा उठतो. (अंगठ्याची ही गोष्ट मंठ्यातल्या जुन्या माणसांनाही विचारावी.) १९४३ मध्ये मारलवाई या गोंड गावात शिक्षक प्रशिक्षणाचे केंद्र निघाले. शिक्षक गोंडच. पहिली पुस्तके गोंडी भाषेत, आणि लिपी देवनागरी, कारण त्या भागातल्या गोंडांचा मराठीशी व्यवहाराचा संबंध होता. आज नांदेड जिल्ह्यात असलेले किनवट तेव्हा त्याच आदिलाबाद जिल्ह्यात होते. या कामात पुढे एक मराठी अधिकारी आले, निलंग्यात जन्मलेले सेतुमाधवराव पगडी. आपण त्यांना शिवकालाचे इतिहासकार म्हणून ओळखतो. निजामाच्या नोकरीत असताना ते गोंडी शिकले, बोलले, तिचे व्याकरण लिहिले. पुढे महाराष्ट्र सरकारच्या गॅझेटियर विभागाचे संपादकही तेच झाले. ज्यांना आज गॅझेटमध्ये रस आहे त्यांनी पगडींचे हे दुसरे कामही पाहावे.

म्हणजे बघा. ज्या राज्याने नव्वद टक्के प्रजेवर उर्दू लादली, त्याच राज्याच्या एका कोपऱ्यात मुलाच्या भाषेपासून सुरुवात करण्याचा प्रयोग झाला. हुकूमशाहीत झाला, आणि तोही एका बंडानंतर घाबरून झाला. पुढे संस्थान गेले, भाषावार राज्ये झाली, तिथे शाळेत तेलुगू आली आणि गोंडी मागे पडली. भाषावार प्रांतरचनेने मोठ्या भाषांना न्याय दिला. त्या प्रांतांच्या पोटातल्या लहान भाषांचे काय, हा प्रश्न राहिला. बाबासाहेबांनी भाषावार राज्यांवर लिहिताना बहुसंख्याकांच्या राज्यात अल्पसंख्याकांचे काय होईल ही धास्ती बोलून दाखवली होती. त्यांच्या डोळ्यांपुढे जाती होत्या. पण ती धास्ती भाषेलाही तशीच लागू पडते.

कायदा नाही म्हणून हे होत नाही असेही नाही. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३५०-अ आणले. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी द्याव्यात असे ते सांगते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही शक्य तिथवर मातृभाषा असे म्हटले आहे. पण 'शक्य तिथवर' या दोन शब्दांत शेकडो तांडे बुडाले. गडचिरोलीत मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःची गोंडी शाळा सुरू केली तर प्रशासनाने तिला अनधिकृत ठरवले. ओडिशात २००७ पासून दहा आदिवासी भाषांत पहिलीची पुस्तके काढून बहुभाषिक शिक्षण सुरू झाले, पुढे भाषा वाढत गेल्या. ओडिशा काही आपल्यापेक्षा श्रीमंत राज्य नाही.

मग २०२५ आले. १६ एप्रिलच्या शासन निर्णयाने पहिलीपासून हिंदी आली, महाराष्ट्र पेटला, आणि २९ जूनला सरकारला निर्णय मागे घ्यावा लागला. सहा वर्षांच्या मुलावर परकी भाषा लादू नका, मेंदूवर ताण येतो, वाचनाचा पाया कच्चा राहतो. त्या अडीच महिन्यांत सगळे साहित्यिक, पुढारी, वाहिन्या हेच सांगत होते. शंभर टक्के बरोबर सांगत होते, आणि मीही त्या विरोधाच्या बाजूने होतो. पण त्यातल्या एकाही मोठ्या व्यासपीठावरून मला असे ऐकू आले नाही की महाराष्ट्रातल्या लाखो मुलांसाठी पहिलीतली मराठी हीच दुसरी भाषा आहे. गोर, भिल्ल, कोरकू, गोंड, पारधी, कैकाडी, वडार. लक्ष्मण मान्यांचे 'उपरा' १९८० चे, लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' १९८७ चे. आपण या पुस्तकांना पुरस्कार दिले, अभ्यासक्रमात लावली, पण त्या मुलांच्या वर्गात काहीही बदलले नाही.

आपल्या चळवळीतून यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा, की बोलीत शिकवणे म्हणजे गरिबाला बोलीतच अडकवणे. त्यांची मुले इंग्रजीत आणि आमची याडी-बाटीत? हा राग खरा आहे आणि तो हलक्यात घेऊ नये. इंग्रजी हे आपल्यासाठी मुक्तीचे साधन आहे यात शंका नाही. बाबासाहेबांचे मोठे ग्रंथ इंग्रजीत आहेत. पण 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत' त्यांनी मराठीत काढले, कारण माणसाला जागे करायचे तर त्याच्या कानावर पडणाऱ्या भाषेत बोलावे लागते. गोरबोलीतून आरंभ केलेले मूल तिसरीत मराठीत आणि पुढे इंग्रजीत अधिक घट्ट पायाने जाते. आज उलट होते. तांड्यावरचा बाप कर्ज काढून पोराला मंठ्याच्या इंग्लिश स्कूलच्या पिवळ्या गाडीत बसवतो, आणि चौथीत ते पोर तिन्ही भाषांत अर्धे असते.

दुसरा आक्षेप हळू आवाजात येतो. हा बंजाऱ्यांचा प्रश्न आहे, आपण बौद्धांनी कशाला पडायचे? याला माझे उत्तर मंठ्यातलेच आहे. वस्तीवरचे आपले पोर 'कामून' म्हणते, तेव्हा मास्तर 'कामून नाही, का म्हण' असे सांगतातच. 'लई' म्हटले की फळ्यावर 'खूप' लिहिले जाते. परभणी-जालन्याची मराठी पुण्याच्या मराठीसमोर जिथे हरते, तिथून दोन पावलांवर गोरबोली हरते. वर्गातल्या भाषेची उतरंड आणि गावातली उतरंड वेगळी नाही. आणि समाजशास्त्र शिकताना मला कळलेली एक गोष्ट अशी, की उतरंडीत मधल्या पायरीवरच्यांना खालच्या पायरीवर हसण्याची मुभा देऊनच उतरंड टिकते.

करायचे काय, तर फार खर्चाचे काही नाही. तांड्यांवर डी.एड. झालेली, नोकरीच्या प्रतीक्षेत बसलेली मुले-मुली आहेत. पहिली-दुसरीला दिवसातले दोन तास त्यांना वर्गात घ्यावे. गोरबोली-मराठी शब्दांचे तक्ते पालकांना बसवून शाळेतच करता येतात. मुलांनी सांगितलेली गोष्ट गोरबोलीत फळ्यावर लिहावी, तीच वाचून घ्यावी, मग तिच्याशेजारी मराठी. उत्तर गोरबोलीत आले तरी बरोबर धरावे. मराठी घरातली मुले त्याच वर्गात बसावीत, वेगळ्या शाळा नकोत. 'याडी' हा शब्द पाटील गल्लीतल्या पोरालाही कळला तर त्याचे काही बिघडत नाही.

आणि एक काम तर या जूनमध्येच होऊ शकते. २०११ च्या जनगणनेत लमाणी-लंबाडी मातृभाषा सांगणारे सुमारे ३३ लाख आणि बंजारी सांगणारे सुमारे १६ लाख लोक 'हिंदी' या रकान्यात जमा केले गेले. म्हणजे सरकारच्या लेखी ही भाषाच नाही, ती हिंदीची आकडेवारी फुगवण्याच्या कामी आली. शाळेतही तेच होते. दाखल खारीज रजिस्टरात, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आणि युडायसच्या ऑनलाइन माहितीत 'मातृभाषा' असा रकाना आहे. तांड्यावरच्या मुलासमोर तिथे न विचारता 'मराठी' लिहिले जाते, कुठे 'हिंदी'. पहिलीचा प्रवेश घेताना बापाने किंवा याडीने तो रकाना स्वतः पाहावा आणि खरी भाषा लिहायला लावावी. शाळा व्यवस्थापन समितीत पालक बहुसंख्य असतात, त्यांनी पहिल्याच बैठकीत अशा मुलांची संख्या विचारून इतिवृत्तात घ्यावी आणि प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्यावी. जूनमधल्या या बैठकांसाठी तांड्यावरच्या पालकांबरोबर बसायला आम्ही काही कार्यकर्ते तयार आहोत. आपापल्या गावातल्या शाळेचे रजिस्टर तेवढे आधी पाहून ठेवा.